राजा आत गेलेली पेनी

माझ्या दत्ताकाकांनी आयुष्यात एकही खोटं नाणं बनवलं नाही. हे वाक्य मी आधी लिहून टाकते आणि मग बाकीचं सांगते, कारण आमच्या गावात सांगणाऱ्याला मध्येच तोडून भलतंच विचारायची खोड आहे. गेल्या महिन्यात मारुती मंदिराच्या नाक्यावर मी भाजी घेत होते. शेजारी उभी असलेली एक बाई माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "ते घरात नाणी पाडायचे ते तुमचेच काका ना हो?" हसत म्हणाली, जशी काही घरात फणसपोळी घालायचे असंच विचारते आहे. तिने काकांना पाहिलेलं असणं शक्य नाही. काका जाऊन किती वर्षं झाली, ज्यांनी तो प्रकार पाहिला त्यातलेही बरेच गेले, पण ती आवई मात्र अजून जिवंत आहे आणि चांगली धडधाकट आहे. मी निवडून ठेवलेली भाजी तिथेच टाकली आणि घरी आले. माझ्या वयाला आता राग झेपत नाही असं डॉक्टर सांगतात. डॉक्टरांचे काका कुणी गावासमोर उभे केले नव्हते.

आमचं घर रत्नागिरीत, मांडवीच्या अलीकडे होतं. तिथून समुद्र दिसत नसे, पण भरतीच्या वेळी ऐकू येई, आणि वारा फिरला की जेट्टीकडचा सुक्या मासळीचा वास थेट माजघरात येऊन बसे. बाबा कचेरीत कारकून. काका त्यांचे धाकटे भाऊ, मालवाहू बोटीवर इंजिनखोलीत फिटर. ते घरी नसत तेव्हा घर एका ठरावीक आवाजात चाले: आईचा पाटा-वरवंटा, बाबांचं खाकरणं, विहिरीवरचा रहाट. काका आले की त्यात कानशीची भर पडे. पडवीत त्यांनी एका जाड फळीवर लोखंडी शिकंजा बसवला होता, फिटर लोक त्याला वाइस म्हणतात. सुट्टीवर आलेला माणूस झोपा काढतो, पण काका शेजाऱ्यांच्या कड्या, कुलपं, पंपाचे दांडे त्या वाइसमध्ये धरून घासत बसत. पैसे घेत नसत. अर्ध्या आळीची दारं त्यांच्या हातच्या कड्यांनी बंद होत होती, आणि पुढे त्याच दारांआड त्यांच्याबद्दल काय काय बोललं गेलं ते मला माहीत आहे.

काका आले की आई हात राखून स्वयंपाक करत नसे. बांगड्याचं तिखलं, कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, आणि शेवटी सोलकढी, ती काका वाटीने नाही तर तांब्याने पीत. सोलकढी झाली की उरलेली आमसुलं आई टाकत नसे. त्या आमसुलांनी ती देवाची तांब्याची भांडी घासायची. आमसुलाने तांबं असं उजळतं की आरशाची गरज राहत नाही, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. आईचा देव्हारा तर कायम लखलखीत. आणि त्या देव्हाऱ्यात, गणपती आणि बाळकृष्णाच्या बाजूला, एका पितळी डबीत विलायतेच्या पेन्या होत्या.

त्या तिथे कशा गेल्या ते सांगितलं पाहिजे. काकांनी बोटीवरून येताना कोकोच्या डब्यात भरून त्या आणल्या होत्या. तिकडे जुना हिशोब बंद होऊन नवी नाणी आली आणि या मोठ्या, तळहाताला जड लागणाऱ्या पेन्यांना कुणी विचारेनासं झालं. काकांनी गंमत म्हणून त्या आणल्या. आईने एक उलटी करून पाहिली तर मागे एक बाई बसलेली, डोक्यावर शिरस्त्राण, हातात त्रिशूळ, बाजूला ढाल. आईने ती पेनी तशीच कपाळाला लावली. काकांनी सांगून पाहिलं की वहिनी, ही त्यांच्या देशाची खूण आहे, देवी नव्हे. आई म्हणाली, "त्रिशूळ घेऊन बसलीय ती देवी नाय तर काय पोस्टातली बाई?" झालं, किल्ल्यावरच्या भगवतीची ही विलायतेतली बहीण ठरली, आणि दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी सगळ्या पेन्या आमसुलाने घासून पाटावर मांडल्या जाऊ लागल्या.

काकांनी मला पेन्या बघायला शिकवलं. मी तेव्हा अकरावीत होते आणि घरातल्या कुठल्याच पुरुषाने मला अभ्यासाव्यतिरिक्त काही शिकवण्याजोगं मानलं नव्हतं. काका पडवीच्या पायरीवर बसत, मला भिंग देत आणि म्हणत, "आधी कड बघायची, मग अक्षरं, मग मागची बाजू. चेहरा शेवटी बघायचा बाय. चेहरा आधी बघितला की माणूस फसतो." कुठल्याशा बंदरात नाण्यांचं दुकान चालवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून ते हे शिकले होते. जुनं म्हणजे मौल्यवान, ही समजूत त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यातून काढली. शंभर वर्षांची पेनीसुद्धा कोट्यवधींनी पाडलेली असेल तर तिला चहाच्या कपाची किंमत नाही. किंमत असते ती ज्या साली थोड्या पाडल्या त्यांना, झिजल्या नाहीत त्यांना, आणि टांकसाळीच्या हातून चुकलेल्यांना. एका पेनीतलं एक अक्षर गायब होतं, कारण ठशाच्या खाचेत तेलकट मळ भरला होता. एकीची कड अर्धचंद्रासारखी खाल्लेली होती, कारण पत्र्यातून चकती कापताना आधीच्या भोकावर घाव पडला होता. आजकाल मोबाइलवर चित्रफिती फिरतात, घरात ही पेनी असेल तर तुम्ही लखपती म्हणून, आणि माणसं डबे घेऊन माझ्या दारात येतात. मी त्यांना कड बघायला सांगते, तर ते आधी किंमत विचारतात. काहींनी तर स्वतःच कानस मारून चूक तयार केलेली असते, आणि ते सांगताना त्यांना जराही संकोच वाटत नाही.

सगळ्यात विलक्षण होती ती एक पेनी. एका बाजूला दाढीवाला राजा, नेहमीसारखा उठावाचा. उलटी केली की तिथे देवी नाही. तिथेही तोच राजा, पण आत गेलेला, खोलगट आणि उलट तोंडाचा. कणकेच्या गोळीवर ती बाजू दाबली की राजा उठून वर येई, आणि आम्ही भावंडं हसून लोळत असू. पेन्या चालत होत्या तेव्हा तिकडच्या एका गोदीबाहेरच्या चहाच्या टपरीवर सुट्टे म्हणून ती काकांच्या हातात आली होती. ती कशी झाली हे काकांनी मला दोन बश्या आणि कणकेची गोळी घेऊन समजावलं होतं. पाडलेलं नाणं ठशावरून खाली पडायला हवं. ते कधीतरी चिकटून राहतं. वरून पुढची कोरी चकती येते, घाव बसतो, आणि त्या चकतीच्या एका बाजूला खरा ठसा उमटतो, दुसऱ्या बाजूला आधीच्या नाण्यावरचा राजा घुसतो. टांकसाळीत तपासणारे अशी नाणी वेचून काढतात. ही निसटली. "चुकीचं आहे म्हणून खरं आहे," काका म्हणत. आईला मात्र त्या पेनीची काळजी वाटे. देवी आत निघून गेली म्हणजे रुसलीच असणार, म्हणून तिला ती इतरांपेक्षा जरा जास्तच घासत असे. नाणं कधी घासायचं नसतं, त्याचा रंग म्हणजे त्याच्या वयाचा दाखला, हे काकांना पक्कं माहीत होतं. पण देव्हाऱ्यातली वस्तू वहिनींची. त्यात दिराने बोलायचं नसतं.

त्याच सुमारास काकांचं लग्न ठरत होतं. बोटीवरच्या माणसाला मुलगी द्यायला लोक बिचकतात, त्यामुळे काकांचं वय वाढलं होतं आणि डोक्यावरचे केस कमी झाले होते. मालगुंडचं स्थळ आलं. मुलीचं नाव सुलभा, तिथल्याच प्राथमिक शाळेत शिक्षिका, वडील नाहीत, थोरला भाऊ घर बघणारा. बघायला गेलो तेव्हा मीही होते. सुलभाबाईंनी पोहे आणून ठेवले आणि खाली मान घालून बसण्याऐवजी काकांना सरळ विचारलं, बोटीच्या इंजिनखोलीत उकडतं किती. काकांनी सांगायला सुरुवात केली ती पोहे गार होईपर्यंत. परत येताना एस.टी.त ते खिडकीबाहेर बघत स्वतःशीच हसत होते. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. सुपारी फोडायची ती गणपतीनंतर असं ठरलं, आणि आई भावजींच्या लग्नाचं पापडाचं पीठ आत्तापासूनच मोजू लागली.

आणि मध्ये ते प्रदर्शन आलं. गावातल्या एका वाचनालयाच्या वाढदिवसाला जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं होतं. अडकित्ते, समया, मापं, नाणी. कॉलेजात इतिहास शिकवणारे एक सर होते, नाण्यांवर व्याख्यानं देत, म्हणून गाव त्यांना नाणेसर म्हणे. ते प्रत्येक वस्तू हातात घेऊन माइकवरून माहिती सांगणार होते. बाबांनी हौसेने काकांची पेनी द्यायचं ठरवलं, आणि त्याहून जास्त हौसेने मालगुंडच्या भावाला निरोप धाडला की तुम्हीही या. होणाऱ्या सोयऱ्याला आपल्या भावाची किंमत कळावी, एवढाच त्यांचा हेतू. आईने आदल्या संध्याकाळी पेनी आमसुलाच्या पाण्यात बुडवली आणि राखेने हलकेच पुसून कापसात गुंडाळून दिली. देव्हाऱ्यातली वस्तू चारचौघांत जायची तर काळवंडलेली कशी जाणार? काका दारात उभे राहून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं.

हॉल भरलेला होता. नाणेसरांनी शिवराई दाखवली, टाळ्या घेतल्या. कंपनीचा ढब्बू पैसा दाखवला, एक विनोद केला. मग आमची पेनी त्यांच्या हातात आली. त्यांनी ती हात लांब करून दिव्याखाली धरली, उलटली, आणि त्यांच्या ओठांवर जे हसू आलं ते मी अजून विसरले नाही. "हे कोणाचं?" काका उभे राहिले. सरांनी विचारलं, आपण काय करता. काकांनी सांगितलं, बोटीवर फिटर. सरांनी विचारलं, घरी वाइस आहे का. काका म्हणाले, "होय, आहे." त्याबरोबर मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. सर माइककडे वळले. "मंडळी, इतक्या वर्षांपूर्वीचं तांबं असं नव्या नवरीसारखं लखलखतं का? ही कारागिरी आहे. दोन पेन्या एकमेकींवर ठेवायच्या, वाइसमध्ये धरायच्या, आवळायचं. एकीचा राजा दुसरीत उतरतो. हात उत्तम आहे, पण नाणं खोटं आहे. आणि नाण्यांशी असा खेळ सरकारला आवडत नाही बरं का." अख्खा हॉल हसला. काका म्हणाले, "सर, माझ्याकडे भिंग आहे. एकदा बघता काय?" सर म्हणाले, "भिंगाची गरज नाही," आणि पेनी टेबलाच्या कडेला ठेवून त्यांनी पुढची समई उचलली.

माझी आई बायकांच्या रांगेत बसली होती. त्या नाण्याला ती लकाकी कुठून आली हे अख्ख्या हॉलात फक्त आम्हा घरच्यांनाच ठाऊक होतं. ती जागेवर अर्धवट उठली, पदर सावरला, आणि परत बसली. शंभर माणसांसमोर आमसुलाची गोष्ट सांगायला उभी राहणारी बाई तेव्हा आमच्या आळीत नव्हती. बाबा आपल्या चपलांकडे बघत होते. मालगुंडचा भाऊ तिसऱ्या रांगेत ताठ बसला होता आणि त्याच्या शेजारचा माणूस त्याच्या कानाशी लागला होता. मी काय केलं? मी पुढे गेले, टेबलावरची पेनी उचलली आणि काकांच्या हातात दिली. सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर आई चुलीपुढे बसून रडली. "लकलकीत मी केली भावजी. मी जाते त्यांच्याकडे, मी सांगते." काका उंबऱ्याशी उभे होते. ते म्हणाले, "काही नको वहिनी. तुम्ही देवाचं नाणं घासलंत. त्यात तुमचं काय चुकलं? ज्याला बघायचं होतं त्याने बघायला हवं होतं." त्यानंतर आईने त्या डबीला आमसुलाचा हात कधी लावला नाही. पेन्या हळूहळू काळ्या पडत गेल्या आणि दिवाळीत तिला त्यांच्याकडे बघवेना.

चारसहा दिवसांनी मालगुंडचा भाऊ आला. खुर्चीच्या कडेवर बसला, चहाला हात लावला नाही. म्हणाला, आमच्या घरात सगळे मास्तर, लोक विचारतात, बहीण नोकरीत आहे, उद्या काही पोलीसबिलिस झालं तर. बाबांनी त्याला एक तरी प्रश्न विचारायला हवा होता. तुम्ही नाणं हातात घेऊन बघितलंत का, एवढा एकच. बाबा म्हणाले, "तुमची मर्जी." आमचे बाबा सज्जन होते, आणि आमच्याकडे सज्जन माणसं अशा वेळी मान खाली घालतात. त्या सज्जनपणाचा मला तेव्हाही संताप आला होता आणि आज त्यांच्या फोटोला हार घालतानाही येतो. गावाने मग गोष्ट वाढवली. फिटर नाणी पाडतो, पडवीत यंत्र आहे, बोटीवरून माल जातो. वाण्याने एकदा काकांनी दिलेला रुपया फरशीवर आपटून वाजवून पाहिला, गंमत म्हणून. काकांनी ती गंमत ऐकून घेतली, सामान घेतलं आणि आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळीवरून वाइस सोडवला आणि माळ्यावर टाकला. आळीतल्या कड्या मोडल्या की लोक आता बाजारात जाऊ लागले.

मी शिकले, टेलिफोन खात्यात लागले आणि मुंबईला राहायला गेले. एका सुट्टीत काकांच्या नकळत ती पेनी बरोबर नेली आणि फोर्टातल्या एका जुन्या नाण्यांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हातारा होता, बोलायला कंजूष. त्याने भिंग डोळ्याला लावलं, कड बघितली, अक्षरं बघितली, मागची बाजू बघितली. चेहरा शेवटी. पहिला प्रश्न त्याने विचारला, "हे धुतलं कोणी?" मी म्हटलं, माझ्या आईने, आमसुलाने, देवाचं म्हणून. त्याने कपाळावर हात मारला. मग खणातून दुसरं एक नाणं काढून माझ्यापुढे ठेवलं. ते वाइसमधलं खोटं. त्याच्या पुढच्या राजाचं नाक चेपून सपाट झालेलं होतं, आणि मागे आत घुसलेल्या राजाच्या गालावर देवीच्या ढालीची रेघ अजून दिसत होती. दाब दिला तरी आधीचं चित्र पूर्ण जात नाही, तो म्हणाला. तुझ्या पेनीत राजाचं नाक तरतरीत आहे आणि देवीचा मागमूस नाही, कारण या चकतीवर ती कधी उमटलीच नव्हती. अस्सल. घासलं नसतं तर चांगली किंमत आली असती. मी म्हटलं, किंमत विचारायला आले नव्हते. हे सगळं बघायला त्याला चहा थंड होईल इतकाही वेळ लागला नाही. नाणेसरांनी तेवढा वेळ दिला असता तर?

रत्नागिरीला आले ती स्टँडवरून थेट नाणेसरांच्या घरी गेले. ते निवृत्त झाले होते, ओटीवर आरामखुर्चीत बसले होते. मी पेनी आणि भिंग त्यांच्यापुढे ठेवलं आणि दुकानदाराने दाखवलेलं सगळं सांगितलं. त्यांनी या वेळी मात्र भिंग घेतलं. बराच वेळ बघितलं. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "हं. अस्सल असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

मी म्हटलं, "मग तसं सांगा ना सर."

"कोणाला?"

"तेव्हा ज्यांना सांगितलंत त्यांना."

ते हसले. "अगं, ती माणसं आता कुठे गोळा करायची? झालं ते झालं. अभ्यासात मतं बदलतात. बस, सरबत घे." खोटं ठरवलं ते भर हॉलात माइकवरून, आणि खरं ठरलं ते ओटीवर, एका मुलीपाशी, तेही शक्यता नाकारता येत नाही एवढंच. काकांचं लग्न मोडलं हेही मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "अरेरे." मी सरबत न घेता उठले. पुढे त्यांचा सत्कार झाला, मोठा हार घातला, ते मी बातमीत वाचलं. सत्कार त्यांनी नाण्यांसाठी केलेल्या कामाबद्दल होता.

घरी काका आले होते, शेवटच्या फेरीवरून, कायमचेच. मी त्यांना सगळं सांगितलं, राजाचं तरतरीत नाक, न उमटलेली देवी, सर काय म्हणाले ते. आई ऐकता ऐकता हात जोडून उभी राहिली. काका शांतपणे ऐकत होते. "खरं आहे ते मला ठाऊक होतं बाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मालगुंडला सांगितलंस काय?"

तेव्हा मला कळलं की इतक्या वर्षांत त्यांना फक्त एकाच माणसाला ते कळायला हवं होतं. मी दुसऱ्याच दिवशी गेले. सुलभाबाईंनी लग्न केलं नव्हतं. शाळा सुटली होती, त्या व्हरांड्यात मुलांच्या पाट्या रचत होत्या. मी पेनी पुढे केली आणि एका दमात सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. पेनी हातात घेतली नाही.

"हे मला कशाला सांगतेस गो?" त्या म्हणाल्या. "मी कुठे खोटं म्हटलं होतं? भाऊ येऊन बोलला, मोडलं म्हणून. मला कोणी विचारलंच नाय. त्यांनी पण नाय विचारलं." पाट्यांची चळत त्यांनी कपाटात ठेवली आणि कडी लावली. "माझा काही राग नाय. पण नाणं घेऊन तू आलीस. ते नाय आले."

मी परत येऊन काकांना शब्दन् शब्द सांगितला. म्हटलं, काका, आता तरी जा. पुढच्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि कुणाला न सांगता बाहेर पडले. आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. दुपार टळायच्या आत ते परत आले, पायरीवर बसून चपला काढू लागले. मी विचारलं, "गेला होतात?"

"होय. मालगुंडला."

"भेटल्या?"

"नाय. स्टँडवर उतरलो, चहा घेतला आणि त्याच गाडीने परत आलो." त्यांनी चपला नीट जोडून ठेवल्या. "लाज वाटली गो."

"तुम्हाला कसली लाज? तुम्ही काय केलंत?" मी ओरडलेच, आतून आई धावत आली इतकी. काका माझ्याकडे बघत राहिले, मी काहीतरी अवघड विचारल्यासारखे.

"काही केलं नाय बाय," ते म्हणाले. "तरी वाटते."